हार्मोन्स वर्षानुवर्षं घेणाऱ्या ट्रान्स मैत्रिणींसाठी: टेस्टला येण्याआधी एवढं वाचा

आमच्या लॅबमध्ये हार्मोनच्या टेस्टला येणाऱ्या बऱ्याच जणी सँपल देऊन झालं की कापूस दाबून धरत हळूच विचारतात, "हे असं आयुष्यभर घेतलं तर काही होणार नाही ना?" काउंटरवर उभ्याउभ्या याचं उत्तर देऊन भागत नाही म्हणून हे पत्रक काढलंय. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम, आम्ही लॅबवाले, पण रिपोर्ट रोज आमच्या हातातून जातात त्यामुळे गडबड कुठे होते ते दिसतं, आणि ती बहुतेक वेळा हार्मोन घेतले म्हणून नाही, तर कुठली गोळी, किती आणि तपासणी न करता किती वर्षं, यातनं होते.

मागे एक ताई आल्या होत्या, त्यांना विचारूनच हे लिहितोय. इस्ट्राडायॉल (म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, बायकांचं हार्मोन) अगदीच कमी आलं, रिपोर्ट बघून त्यांच्या डोळ्यात पाणी, म्हणाल्या मी तर रोज चार गोळ्या घेते, आता सहा करू का? पर्समधनं स्ट्रिप काढली तर माला-डी, म्हणजे गर्भनिरोधक गोळी! आता हे नीट समजून घ्या. माला-डी मध्ये इथिनाइल इस्ट्राडायॉल असतं, ते कारखान्यात बनवलेलं वेगळं इस्ट्रोजेन आहे आणि आमच्या इस्ट्राडायॉलच्या टेस्टमध्ये ते दिसतच नाही. म्हणजे अंगात भरपूर औषध आणि रिपोर्ट मात्र "कमी". मग माणूस गोळ्या वाढवतो, आणि ही गोळी लिव्हरवर जास्त काम करून रक्त गोठवणारे घटक वाढवते, त्यामुळे पायात किंवा फुप्फुसात गुठळी व्हायची भीती. एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम, चार म्हणजे ०.१२. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी पूर्वी रोज ०.१ मिलिग्रॅम द्यायची पद्धत ठेवली होती, १९९७ साली त्यांनीच ८१६ ट्रान्स बायकांचा हिशोब मांडला तेव्हा गुठळीचा धोका २० पट निघाला, मग त्यांनी ते औषध सोडून दिलं. आज डॉक्टर इस्ट्राडायॉल व्हॅलरेट किंवा जेल, पॅच देतात, चाळिशी ओलांडलेल्यांना, सिगरेट ओढणाऱ्यांना किंवा आधी गुठळी झालेल्यांना जेल-पॅचच बरं पडतं कारण ते कातडीतनं थेट रक्तात जातं. त्या ताईंना आम्ही गोळ्या वाढवू दिल्या नाहीत, एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखली किंवा अचानक दम लागला तर लॅबमध्ये नाही, सरळ इमर्जन्सीत जा आणि हार्मोन चालू आहेत हे लपवू नका.

दुसरी गोळी सायप्रोटेरॉन, ही टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) दाबणारी ब्लॉकर गोळी. फ्रान्समध्ये ही घेणाऱ्या अडीच लाखांवर बायकांचा अभ्यास झाला (या ट्रान्स नव्हत्या, पण गोळी तीच), त्यात मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा नावाची गाठ एकूण औषध जितकं जास्त पोटात गेलं तितकी जास्त दिसली, ६० ग्रॅमच्या वर गेलेल्यांत २० पटीहून जास्त. गाठ मुळात दुर्मिळ आहे, घाबरून जाऊ नका, पण गणित करून बघा. रोज ५० मिलिग्रॅम घेतलं तर ६० ग्रॅम सव्वातीन वर्षांत होतात, १० मिलिग्रॅम घेतलं तर सोळा वर्षांहून जास्त लागतात. आणि टेस्टोस्टेरॉन खाली आणायला १० च्या आसपास बहुतेकींना पुरतं! २०२० मध्ये युरोपच्या औषध नियामकांनीही जास्त डोसवर बंधनं घातली. तुमची चिठ्ठी जुनी असेल आणि तेव्हापासून ५० किंवा १०० चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. सारखं डोकं दुखणं, नजर अंधुक होणं याकडे दुर्लक्ष नको.

दुसरा ब्लॉकर स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे आल्डॅक्टोन वगैरे चालू असेल तर पोटॅशियम आणि किडनीची टेस्ट हवीच. रक्त काढताना मूठ सारखी उघडझाप करू नका, त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं येतं.

कॅन्सरचं विचारतात. नेदरलँड्समध्ये २२६० ट्रान्स बायकांमध्ये १५ जणींना स्तनाचा कॅन्सर झाला, इतर पुरुषांपेक्षा बराच जास्त पण इतर बायकांपेक्षा कमी, म्हणून वयाप्रमाणे मॅमोग्राफी करा, आणि लिंगबदलाचं ऑपरेशन झालं तरी प्रोस्टेट आत राहतं हेही डॉक्टरांना सांगा. तिथलीच १९७२ ते २०१८ ची ४५६८ ट्रान्स लोकांची नोंद आहे. ट्रान्स बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतर पुरुषांच्या १.८ पट होतं, पण कारणं बघा: हृदयविकार, फुप्फुसाचा कॅन्सर, एचआयव्हीशी जोडलेले आजार, आत्महत्या. हार्मोनकडे थेट बोट जाईल असं त्यात दिसलं नाही. आम्हाला हे वाचून फार वाईट वाटलं, कारण यातलं बरंचसं वेळेवर तपासणी झाली, सिगरेट सुटली, घरच्यांनी जवळ केलं तर टळण्यासारखं आहे.

निर्वाण झालेल्या किंवा ऑर्किडेक्टमी (अंडकोष काढायचं ऑपरेशन) केलेल्या काही जणी म्हणतात आता झालं, औषध बंद. ब्लॉकर बंद होतो हे बरोबर, पण इस्ट्रोजेनही बंद केलं तर शरीरात कुठलंच हार्मोन पुरेसं उरत नाही आणि हाडं ठिसूळ होत जातात. मनाने बंद करू नका.

आता टेस्टबद्दल. पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी, पुढे वर्षातनं एकदा-दोनदा. डॉक्टर सहसा इस्ट्राडायॉल १०० ते २०० (pg/mL) आणि टेस्टोस्टेरॉन ५० (ng/dL) च्या खाली बघतात. जेल लावत असाल तर ज्या हातातनं रक्त काढायचंय त्या हाताला लावू नका, कातडीवरचं औषध सुईबरोबर सँपलमध्ये येतं आणि आकडा कुठच्या कुठे जातो. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्यानेही आकडे चुकतात. शेवटची गोळी किती वाजता, इंजेक्शन कोणत्या तारखेला, ते फॉर्मवर लिहा.

फॉर्मवर मेल-फिमेल बरोबर आम्ही "हार्मोन चालू, कधीपासून" असा रकाना वाढवलाय. कारण हिमोग्लोबिन १२.४ पुरुषांच्या रेंजमध्ये लाल अक्षरात "कमी" छापून येतं, आणि हार्मोन सुरू होऊन काही महिने झालेल्या बाईला ते नॉर्मल असतं, उगाच लोहाच्या गोळ्या सुरू होतात. एवढ्यासाठी विचारतो, दुसरं काही नाही. रिपोर्ट तुम्ही दिलेल्या नंबरवरच जातो, घरच्या नंबरवर नाही.

येताना औषधाच्या स्ट्रिप्स घेऊन या, रिकाम्या असल्या तरी चालतील. बाहेर नावाने हाक मारत नाही, टोकन नंबरने बोलावतो.