५केची पीबी पहिल्या किलोमीटरात ठरते

५केच्या म्हणजे ५ किलोमीटरच्या रेसमध्ये चौथ्या किलोमीटरला पाय जड झाले की सगळे म्हणतात स्टॅमिना कमी पडला. पण बऱ्याचदा गडबड झालेली असते पहिल्या किलोमीटरातच, आणि ती होत असताना अजिबात कळत नाही. का कळत नाही हे पीबीच्या (पर्सनल बेस्ट, म्हणजे स्वतःचा सगळ्यात चांगला टाइम) मागे लागलेल्या प्रत्येकाने एकदा नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण यात नवीन शूज घ्यायचे नाहीत की जास्तीची मेहनत नाही, फक्त सुरुवातीला थोडा धीर धरायचा आहे.

पुण्यातली डिसेंबरची सकाळ डोळ्यासमोर आणा. थंडी मस्त, पाय ताजे, स्टार्टला ढोलताशा चालू, भोंगा वाजतो आणि अख्खी गर्दी सुसाट सुटते, तिच्याबरोबर तुम्हीपण. आता स्नायूंना ऊर्जा त्या सेकंदाला हवी असते, पण हृदय आणि फुप्फुसं ऑक्सिजनचा पुरवठा वाढवून पाहिजे तिथपर्यंत न्यायला दोन-तीन मिनिटं घेतात. मधली तूट स्नायू आपल्या साठ्यातून भागवतात, आधी क्रिएटिन फॉस्फेट (स्नायूतलं झटपट इंधन) आणि सोबत ग्लायकोजेन (साठवलेली साखर) ऑक्सिजनशिवाय फोडून. धाप लागते ती नंतर. म्हणून पहिले चार-पाचशे मीटर तुम्ही किलोमीटरमागे वीस-पंचवीस सेकंद फास्ट असलात तरी 'आज काय भारी वाटतंय' असंच वाटतं.

ए. व्ही. हिल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने याला ऑक्सिजनचं कर्ज म्हटलं होतं. १९२२चं नोबेल मिळालेला हा माणूस स्वतः चांगला रनर होता, आणि त्याने पाठीवर श्वासाची हवा गोळा करायची पिशवी बांधून स्वतःच गवतावर गोल गोल धावत ही मोजमापं घेतली. आजचे शास्त्रज्ञ हा शब्द जपूनच वापरतात कारण आतली केमिस्ट्री त्याला वाटली त्यापेक्षा गुंतागुंतीची निघाली, पण उधारीची मूळ कल्पना रनरला अजूनही कामाची आहे. उधारी मिळते, पण लिमिट ठरलेलं असतं.

हे लिमिट चक्क मीटरमध्ये काढता येतं. प्रत्येकाचा एक क्रिटिकल स्पीड असतो, म्हणजे असा वेग की त्याच्या खाली ऑक्सिजनचा पुरवठा आणि मागणी जुळते आणि तुम्ही बराच वेळ टिकता, त्याच्या वर गेलात की साठा वापरला जायला लागतो. तो काढायला लॅब लागत नाही. सणस मैदानासारख्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर एक दिवस ३ राउंड म्हणजे १२०० मीटर जीव तोडून पळायचं आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी ९ राउंड म्हणजे ३६०० मीटर. समजा १२०० ला ५:१० लागले आणि ३६०० ला १७:३४, तर २४०० मीटरच्या फरकाला १२ मिनिटं २४ सेकंद, म्हणजे किलोमीटरमागे ५:१० हा तुमचा क्रिटिकल पेस (पेस म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ). आता त्याच पेसने ५:१० मध्ये १००० मीटर झाले असते आणि तुम्ही पळालात १२००, म्हणजे वरचे २०० मीटर ही तुमची उधारीची मर्यादा.

मग ५केचं गणित सोपं आहे, २०० मीटर उधारीवर आणि उरलेले ४८०० मीटर ५:१० च्या पेसने, टोटल २४:४८. सरासरी पेस ४:५८ च्या आसपास. एकसारखं पळालात तर प्रत्येक किलोमीटरला ४० मीटर खर्च होतात आणि पाकीट बरोबर फिनिशला रिकामं होतं. पण पहिला किलोमीटर ४:३० ने मारला तर एकट्या त्या किलोमीटरला १२९ मीटर उडतात, आणि पुढच्या चार किलोमीटरला ७१ उरतात!

इथे कोणीतरी हुशार वाचक म्हणेल की उधारी आधी वापरा नाहीतर नंतर, कागदावर टाइम तोच येणार. बरोबर आहे, कागदावर तोच येतो. पण स्नायू कागद नाहीत. साठा पटापट वापरला की स्नायूंमध्ये फॉस्फेट आणि हायड्रोजन आयन साचतात, त्याने आकुंचनाची ताकद कमी होते, थकलेल्या तंतूंच्या जागी कमी काटकसरी तंतू कामाला लागतात आणि त्याच वेगाला आता आधीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतो. साठा संपला की तुम्ही ५:१० वर थांबत नाही, त्याच्याही खाली घसरता, आणि मग ५:३०, ५:४० दिसायला लागतं. (जोरात पळताना स्नायूंमध्ये तयार होणाऱ्या लॅक्टेटला यात उगाच बदनाम केलंय, ते तर हृदय आणि बाकीचे स्नायू इंधन म्हणून जाळतात.)

जगातले सगळ्यात फास्ट लोकं काय करतात बघा. युगांडाच्या जोशुआ चेप्टेगेईने १४ ऑगस्ट २०२० ला मोनॅकोमध्ये ५००० मीटर १२:३५.३६ मध्ये मारून वर्ल्ड रेकॉर्ड केला, तेव्हा ट्रॅकच्या आतल्या कडेला पेस दाखवणारे दिवे लावले होते आणि त्याचे जवळपास सगळे राउंड ६० सेकंदांच्या आसपासचे आहेत. शेवटी स्प्रिंट असते ती वेगळी, पण मधला भाग सपाट.

वॉर्मअपचा खरा उपयोगही इथेच आहे. दहा-पंधरा मिनिटं हलकं जॉगिंग आणि मग रेस पेसच्या थोड्या वरच्या तीन-चार स्ट्राइड्स (छोट्या वेगवान धावा) केल्या की ऑक्सिजनचा पुरवठा सुरुवातीला लवकर वर येतो आणि उधारी कमी घ्यावी लागते. ५के छोटी म्हणून वॉर्मअप नको म्हणणारे खूप भेटतात, उलट रेस जेवढी छोटी तेवढा तो जास्त लागतो. आणि पुण्याच्या थंडीत जॅकेट स्टार्टच्या अगदी आधी काढा.

हवा मात्र आपल्या बाजूने आहे. धावताना खर्च होणाऱ्या ऊर्जेचा मोठा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो आणि दमट हवेत घाम उडत नाही, म्हणून मुंबईपेक्षा पुण्यातली हिवाळ्यातली कोरडी सकाळ पीबीला कितीतरी चांगली. फ्लायओव्हर आला तर मात्र पेस विसरा, चढावर मेहनत सारखी ठेवा, वेग पडू द्या, उतारावर तो परत मिळतो, सगळा नाही पण बराचसा.

शेवटचं घड्याळाबद्दल. सर्टिफाइड कोर्स वळणांवर कडेपासून ३० सेंटीमीटरवरच्या सगळ्यात जवळच्या रेषेवर मोजतात आणि वर ०.१ टक्का जास्त अंतर धरतात, ५केला ५ मीटर. तुम्ही गर्दीतून बाहेरच्या बाजूने वळता, झाडाखाली जीपीएस थोडं भरकटतं, त्यामुळे वॉच ५.०५ दाखवतं आणि लोकं आयोजकांशी भांडतात. त्या ५.०५ वर २४:४८ यायचं तर घड्याळात ४:५५ दिसायला हवं, ४:५८ नाही. म्हणून ऑटो लॅप (वॉचने आपोआप दर किलोमीटरचा टाइम नोंदवणं) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या बोर्डपाशी स्वतः लॅपचं बटण दाबा, पहिल्या बोर्डला ४:५८ च्या आधी पोचलात तर तिथेच हळू व्हा.