सगळ्यांचं उत्तर सारखं आलं, म्हणजे बरोबर आलं?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात आमचं घर परीक्षा केंद्राकडून बस स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. दहावीचे पेपर सुरू झाले की दुपारी सव्वा वाजल्यानंतर हा रस्ता पोरांनी भरून जातो. कन्नडचा किंवा समाजविज्ञानाचा पेपर असला तर पोरं बोलत बोलत पुढे निघून जातात. गणिताच्या दिवशी मात्र आमच्या कुंपणाबाहेरच्या चिंचेखाली थांबतात. सव्वातीन तास बसून आलेली असतात, पोटात भूक असते, तरी पॅड मांडीवर ठेवून उत्तरं जुळवत बसतात. मी तीसेक वर्षं गणित शिकवलं आहे, त्यामुळे माझेही कान तिकडेच असतात.

एकदा तिथे तीन मैत्रिणी उभ्या होत्या.

"मनोऱ्याचं किती आलं गे तुझं?"

"वीस रूट तीन."

"मेले! माझं साठ भागिले रूट तीन आलंय."

तिसरी म्हणाली, "माझं तर चौतीस पॉइंट सहा चार आलंय की."

मधलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गणित साधं होतं. मनोऱ्याच्या पायथ्यापासून ६० मीटर लांब उभं राहून टोकाकडे पाहिलं तर ३० अंशांचा कोन होतो, तर मनोरा किती उंच? उंची भागिले अंतर म्हणजे कोनाचा टॅन. ३० अंशांचा टॅन १ भागिले √३, म्हणून उंची ६० भागिले √३. आता वर आणि खाली √३ ने गुणलं की तेच २०√३ होतं. √३ ची किंमत १.७३२ धरली की तेच ३४.६४ होतं. तिघींचा मनोरा एकाच उंचीचा होता. मी फाटकातून बाहेर जाऊन तेवढं सांगितलं, तेव्हा कुठे तिने डोळे पुसले. छेदातलं वर्गमूळ घालवायची पद्धत आपण वर्गात शिकवतो, पण एकच संख्या तीन वेगळ्या कपड्यांत येऊ शकते हे पुरेसं ठसवत नाही. त्याची किंमत अशी भर रस्त्यात मोजावी लागते.

वर्तुळाच्या गणितातही हेच होतं. त्रिज्या ७ असली आणि पायची (π) किंमत २२/७ घेतली तर क्षेत्रफळ १५४ येतं, ३.१४ घेतली तर १५३.८६. इथे मात्र दोन्ही संख्या खरोखर वेगळ्या आहेत आणि दोन्ही अंदाजे आहेत. भास्कराचार्यांनी ११५०च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त दोन किमती दिल्या आहेत. ३९२७/१२५० ही सूक्ष्म, आणि २२/७ ही स्थूल, व्यवहाराला पुरेशी. म्हणजे पंधरा मिनिटं वाद घालणाऱ्या पोरांचं भांडण साडेआठशे वर्षांपूर्वीच मिटलेलं आहे.

पण उत्तरं जुळली की पोरांचा जीव भांड्यात पडतो, तो का? त्यांचं मन नकळत एक हिशोब करत असतं आणि तो हिशोब बऱ्याचदा बरोबर असतो. समजा, एक प्रश्न दहातली सात मुलं बरोबर सोडवतात. उरलेल्या तिघांच्या चुका विखुरलेल्या आहेत. कुणाचं चिन्ह चुकतं, कुणी हातचा विसरतो, कुणी वर्ग करायचा सोडतो. अशा सहा तऱ्हा धरू, सगळ्या सारख्याच प्रमाणात. आता एकमेकांशी संबंध नसलेली कुठलीही दोन मुलं घ्या. दोघांचंही बरोबर असण्याची शक्यता ०.७ गुणिले ०.७, म्हणजे ०.४९. दोघंही चुकली आणि नेमकी एकच चूक केली, याची शक्यता फक्त ०.०१५. म्हणजे दोघांचं उत्तर जुळलं तर १०० पैकी ९७ वेळा ते बरोबरच असणार. बरोबर उत्तर एकच असतं आणि चुकायच्या वाटा अनेक असतात, म्हणून जुळणं हा पुरावा ठरतो.

आता दुसरा प्रश्न घ्या. वर्तुळाची त्रिज्या दुप्पट केली तर क्षेत्रफळ किती पट होईल? घाईत असलेलं डोकं लगेच म्हणतं, दुप्पट. खरं उत्तर चौपट. हे आपल्या घरातल्या बायकांना पक्कं ठाऊक असतं. भाकरी जाडी तीच ठेवून रुंदीला दुप्पट थापायची असेल तर चार भाकऱ्यांचं पीठ लागतं. तव्यापुढे न चुकणारा माणूस पेपरात चुकतो, कारण 'दुप्पट' हा शब्द प्रश्नातच असतो आणि तो उत्तराला ओढतो. ही ओढ फार जुनी आहे. प्लेटोने सुमारे २४०० वर्षांपूर्वी लिहिलेल्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका मुलाला दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढायला सांगतो, आणि तो मुलगा पहिल्याच झटक्यात बाजू दुप्पट करतो.

अशा प्रश्नात चुका विखुरत नाहीत, एकाच खड्ड्यात पडतात. समजा दहातल्या तिघांचं बरोबर आलं, सहा जण 'दुप्पट' लिहून आले आणि एकाने भलतंच काही लिहिलं. आता दोघांची उत्तरं जुळली तर? दोघंही बरोबर असण्याची शक्यता ०.०९, दोघंही खड्ड्यात असण्याची ०.३६. म्हणजे जुळलेलं उत्तर १०० पैकी जेमतेम २० वेळा बरोबर. तिघांचं जुळलं तर ११ वेळा. जितकी जास्त डोकी एकमताने माना डोलावतात, तितकं उत्तर चुकीचं असण्याची शक्यता वाढत जाते. फ्रेंच गणिती कॉन्दॉर्से याने १७८५ मध्ये मतदानाबद्दल हेच सिद्ध केलं होतं. दोनच पर्याय असतील, प्रत्येक जण निम्म्याहून अधिक वेळा बरोबर असेल आणि आपापल्या बुद्धीने ठरवत असेल, तर माणसं वाढली की बहुमत सत्याकडे जातं. प्रत्येक जण निम्म्याहून कमी वेळा बरोबर असेल, तर तेच बहुमत चुकीकडे जातं.

शिक्षक म्हणून मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते या खड्ड्यांनी. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी १९७८ मध्ये लहान मुलांच्या वजाबाक्यांवर काम प्रसिद्ध केलं. त्यांना दिसलं की मुलं बेफिकिरीने चुकतात असं नाही, पुष्कळदा ती एक चुकीचा नियम अगदी निष्ठेने पाळतात. ५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ लिहितं, कारण त्याचा नियम असतो 'मोठ्यातून लहान काढायचा', मग मोठा अंक वर असो की खाली. त्या मुलाला 'नीट लक्ष दे' म्हणून काहीही होत नाही. ते लक्ष देऊनच चुकत असतं.

आमच्या भागाला ही गोष्ट वेगळीच लागू पडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकाच गल्लीत एक पोर मराठी माध्यमात असतं, शेजारचं कन्नड माध्यमात. अभ्यासक्रम तोच, शब्द वेगळे. आपला त्रिकोण तिकडे त्रिभुज, आपलं क्षेत्रफळ तिकडे विस्तीर्ण, आपलं वर्तुळ तिकडे वृत्त. (मराठीत वृत्त म्हणजे बातमी किंवा कवितेचा छंद, त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना पोरं हसतात.) संख्यांची घडणही वेगळी. ५७ ला आपण 'सत्तावन्न' म्हणतो, म्हणजे आधी सात, मग पन्नास. कन्नडात 'ऐवत्तेळु', आधी पन्नास, मग सात, जसं लिहितो तसंच. त्यामुळे ऐकून लिहिताना मराठी बालवाडीतलं पोर सत्तावन्नचे पंच्याहत्तर करतं, ती चूक कन्नडात व्हायला तेवढा वाव नाही. जर्मन भाषेतही एकक आधी येतो आणि तिथल्या पहिलीतल्या मुलांत हीच उलटापालट संशोधकांनी मोजली आहे. चेक भाषेत दोन्ही पद्धती चालतात, आणि तिथली तीच मुलं उलट क्रमाची संख्या ऐकली की जास्त चुकतात. महाराष्ट्रात २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी जोड आली तेव्हा केवढा गदारोळ झाला. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं कारण मात्र साधं होतं: संख्यानामं मुलांना जड जातात. मला ते पटलं होतं, आजही पटतं. सत्तावन्न हा शब्द टाकून द्यायचा नाही, पण तो चढायला अवघड आहे हे मान्य करायला काय हरकत आहे?

दहावीपर्यंत ही उलटापालट बहुतेक सरते. पण मुद्दा उरतो. कुठल्या वाटेने शिकलात, त्यावर तुमचे खड्डे ठरतात. एकाच ट्यूशनला जाणारी, एकच गाइड वाचणारी, सरांचा एकच शॉर्टकट पाठ केलेली चार मुलं चिंचेखाली जमली आणि चौघांचं एकच उत्तर आलं, तर तो चार साक्षीदारांचा पुरावा नव्हे. तो एकच साक्षीदार चार वेळा बोलतोय. उलट, शेजारच्या कन्नड माध्यमातल्या मुलीने दुसऱ्या सरांकडून, दुसऱ्या शब्दांत शिकून तेच उत्तर आणलं, तर त्या एका जुळण्याचं वजन जास्त. म्हणूनच प्रयोगशाळेत एकाने काढलेला निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या उपकरणाने, दुसऱ्या माणसांनी पडताळून पाहतात. कन्नडातलं 'एष्टु बंतु?' आणि मराठीतलं 'किती आलं?' एकाच झाडाखाली विचारलं जाणं ही आमच्या मुलुखाची श्रीमंती आहे.

साक्षीदार बिघडायची आणखी एक वाट असते. वर्गातला हुशार मुलगा येतो, मोठ्याने उत्तर सांगतो, आणि बाकीच्यांना एकाएकी 'माझंबी तेच आलंय' असं आठवायला लागतं. सॉलोमन ॲश यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रेषांची लांबी ओळखायची होती, डोळ्यांनी स्पष्ट दिसणारी. आधी बोलणारे सगळे सांगून ठेवलेले होते आणि ठरवून चुकीचं बोलत होते. खऱ्या परीक्षार्थींची साधारण एक तृतीयांश उत्तरं त्या चुकीच्या गटामागे गेली. एक जरी माणूस गटातून फुटून बरोबर बोलला, तर हे मागे जाणं झपाट्याने कमी व्हायचं. म्हणून मी पोरांना सांगते, आधी प्रत्येकाने आपलं उत्तर पॅडवर लिहा, मग बोला.

आईबाप म्हणतात, झालं गेलं सोडा, पुढच्या पेपराचं बघा. त्यांची काळजी खरी आहे. घाबरट मुलाला मीही घरी पाठवते. पण बाकीच्यांना थांबू द्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ही शिकण्याची फार मोलाची वेळ असते. बटरफील्ड आणि मेटकाफ यांनी २००१ मध्ये दाखवलं की ज्या चुकीबद्दल आपण छातीठोक असतो, ती उघडी पडली की डळमळीत चुकीपेक्षा जास्त पक्की दुरुस्त होते. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांना २००९ मध्ये त्याहून नवलाची गोष्ट आढळली. गटात सुरुवातीला कुणालाही बरोबर उत्तर येत नसलं, तरी आपसात चर्चा करून विद्यार्थी पुष्कळदा त्यापर्यंत पोहोचत होते. अट एवढीच की 'किती आलं' वर न थांबता 'कसं काढलंस' विचारायला हवं.

मनोऱ्यावरून भांबावलेल्या त्या तीन मैत्रिणी त्या दिवशी गेल्यावर चिंचेखाली दोघंच उरली होती. एक आमच्या गल्लीतला मराठी माध्यमातला मुलगा, दुसरी त्याच्या शेजारची कन्नड माध्यमातली. वर्तुळाच्या प्रश्नावर अडली होती. त्याचं दुप्पट, तिचं चौपट, आणि त्याच्या वर्गातल्या सगळ्यांचं दुप्पट. तिने चपलेच्या टोकाने मातीत एक लहान वर्तुळ काढलं, शेजारी दुप्पट त्रिज्येचं मोठं. मग दोन्हींना बाहेरून चौकोनी चौकट घातली. मोठ्या चौकटीवर मधोमध एक उभी रेघ, एक आडवी. चार घरं झाली, प्रत्येक घर लहान चौकटीएवढं.

तो वाकून घरं मोजत होता. "एक, दोन, तीन..."

"नाल्कु," ती म्हणाली.

"चार," तो म्हणाला, आणि पॅडवरचा आकडा खोडून पुन्हा मातीकडे बघत राहिला. बस आली तरी त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.