कवडसे आणि गॅमा किरणांचा पत्ता

तो निरोप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून उगवतोच: ‘आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल बंद करून लांब ठेवा, पृथ्वीजवळून कॉस्मिक किरणं जाणार आहेत, नासानं सांगितलंय.’ या वेळी तो हिंगोलीच्या मावशीनं पाठवला. खाली सात जणांनी हात जोडले होते.

असं वेळापत्रक नासालाही देता येत नाही. अवकाशातून येणारी गॅमा किरणंच घ्या: ती म्हणजे प्रकाशच, आणि प्रकाशाच्या पुढं काहीच धावत नाही. मग ती निघाल्याची वर्दी त्यांच्याआधी आणणार कोण? शिवाय आली तरी वातावरण त्यांना वरच्या वर अडवतं. म्हणून तर ती टिपायला उपग्रह लागतात. २ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला गॅमा-स्फोट, म्हणजे अवकाशातून अचानक आलेला गॅमा किरणांचा लोंढा, नोंदवला. खरं तर ते चोरून केलेल्या अणुचाचण्या पकडायला सोडले होते! ही गोष्ट जाहीर झाली थेट १९७३ साली.

स्फोट कळणं सोपं. किरणांची नेहमीची मोजणी एकदम उसळी मारते. तो कुठून आला हे ठरवणं अवघड, कारण गॅमा किरणं भिंगानं वळत नाहीत, साध्या आरशावरून परतत नाहीत. प्रतिमा बनवायची कशी?

आमच्या शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे शेतघरावर, जुने पत्रे आहेत, खिळ्यांच्या भोकांचे. दुपारी जमिनीवर कवडसे पडतात आणि सूर्य कलला की सरकतात. वर न बघता सूर्य कुठं आहे ते सांगता येतं. (ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. ग्रहण बघायचं नाही म्हणून आत बसलेल्या आजीच्या पायाशीच ग्रहण पडलेलं असतं.)

२००४ साली सोडलेल्या स्विफ्ट दुर्बिणीत हीच युक्ती आहे. वर शिशाच्या सुमारे ५२ हजार फरशा, प्रत्येक ५ मिलिमीटरची, मध्ये मध्ये जागा रिकाम्या. खाली मीटरभर अंतरावर ३२,७६८ छोटे संवेदक. एकच भोक ठेवलं तर चित्र स्वच्छ येईल, पण किरणं फारच थोडी मिळतील. म्हणून भोकं हजारो, आणि तीही अस्ताव्यस्त. चाळणीसारखी एकसारखी असती तर चाळणी एक घर सरकवली तरी सावली तीच दिसली असती. अस्ताव्यस्त नक्षीची सावली मात्र प्रत्येक दिशेला वेगळी.

आता संगणक एक दिशा धरून चालतो. किरणं तिथून आली असती तर कोणते संवेदक उजेडात असते, कोणते सावलीत? उजेडातल्यांच्या मोजणीतून सावलीतल्यांची वजा करायची. दिशा चुकली असेल तर उत्तर शून्याच्या आसपास घुटमळतं. बरोबर असेल तर एकदम डोकं वर काढतं. अशा हजारो दिशा काही सेकंदांत तपासून होतात, आणि पत्ता मिळतो चंद्राच्या रुंदीच्या दहाव्या हिश्श्याइतका नेमका.

आपल्या भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरच्या एका उपकरणाला टॅंटलम या धातूचा असाच भोकांचा पत्रा आहे. पण साधारण १०० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टहून जास्त ऊर्जेची किरणं तो पत्रा आणि बाजूच्या भिंतीही भेदून आत शिरतात. सावली गेली, पण जवळजवळ सगळीकडचे स्फोट दिसू लागले. पहिला दिसला ६ ऑक्टोबर २०१५ला, उपकरण सुरू होतं न होतं तोच. यात एक किरण कधी संवेदकाच्या एका घरावर आपटून शेजारच्या घरात उडतो. असे उडालेले किरण कोणत्या बाजूला जास्त गेले हे मोजलं की मूळ किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या लहरी कोणत्या दिशेत हेलकावतात ते, कळतं.

स्फोट किती वेळ चालला हे मोजायचं म्हणजे आपल्याकडचा पाऊस मोजण्यासारखं. आधी चार थेंब, मग तासात ओढ्याला पूर, मग नुसती रिपरिप. म्हणून पहिली ५ टक्के आणि शेवटची ५ टक्के किरणं सोडून मधल्या ९० टक्क्यांचा वेळ धरतात. दोन सेकंदांहून जास्त भरला तर बहुधा अवाढव्य तारा कोसळलेला असतो. कमी भरला तर बहुधा दोन न्यूट्रॉन तारे, म्हणजे मेलेल्या मोठ्या ताऱ्यांचे गच्च दाबलेले गाभे, एकमेकांवर आदळलेले असतात.

अशीच एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी सापडली. आधी गुरुत्वीय लहर, म्हणजे टकरीनं खुद्द अवकाशात उठलेला तरंग, आणि १.७ सेकंदांनी फर्मी या अवकाशातल्या दुर्बिणीत गॅमा किरणं. गुरुत्वीय लहरीची तर सावलीही पडत नाही. तिचा पत्ता निघतो तो वेगवेगळ्या ठाण्यांवर ती किती मागंपुढं पोचली यावरून. त्यासाठी ठाणी एकमेकांपासून जितकी लांब, तितकं बरं. अमेरिकेत लायगो नावाची दोन आहेत. त्यांच्यापासून खूप लांब, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन भुजांचं लायगो-इंडिया औंढा नागनाथजवळ होणार आहे, मावशीच्या घरापासून तासाभराच्या वाटेवर.