ईश्वरसिद्धी

जगाला सर्वज्ञ कर्ता आहे हे अनुमानाने सिद्ध करण्याचा न्यायदर्शनातील (तर्क आणि प्रमाणांवर भर देणाऱ्या भारतीय तत्त्वज्ञान-परंपरेतील) विचार. त्याची सर्वांत भक्कम मांडणी उदयनाचार्यांच्या ‘न्यायकुसुमांजली’त आहे. उदयन मिथिलेचे, त्यांच्या ‘लक्षणावली’त शके ९०६ (इ. स. ९८४) हा काळ नोंदलेला आहे. कुसुमांजलीच्या पाच स्तबकांपैकी (प्रकरणांपैकी) पहिले चार मुख्यतः आक्षेपांचा समाचार घेतात. साधक हेतू, म्हणजे ईश्वर सिद्ध करणारी कारणे, पाचव्यात येतात.

मूळ अनुमान पाच अवयवांचे, म्हणजे पायऱ्यांचे. प्रतिज्ञा: पृथ्वी, अंकुर इत्यादींना कर्ता आहे. हेतू: कारण ती कार्ये, म्हणजे उत्पन्न झालेल्या वस्तू, आहेत. उदाहरण: जे जे कार्य, त्याला त्याला कर्ता असतो, जसा घट. उपनय: पृथ्वी, अंकुर तशीच कार्ये आहेत. निगमन: म्हणून त्यांनाही कर्ता आहे. पृथ्वी हे कार्य कशावरून, असे कोणी विचारले तर सावयवत्व दाखवायचे: जे अवयव जुळून बनले ते कधीतरी बनले.

प्रवचनांत हेच अनेकदा ‘प्रत्येक गोष्टीला कोणीतरी केलेले असते’ असे सांगितले जाते आणि युक्तिवाद तिथेच कोसळतो. श्रोता विचारणारच, मग देवाला कोणी केले? इथे हेतू ‘वस्तू असणे’ हा नाहीच. आधी नसून नंतर उत्पन्न होणे, हा आहे. परमाणू, आकाश, आत्मा हे न्यायमते नित्य, म्हणून ते पक्षाबाहेर (ज्यांच्याविषयी अनुमान केले त्या वस्तूंबाहेर) राहतात, ईश्वरही नित्य.

सर्वांत टोकदार आक्षेप बौद्ध आचार्य धर्मकीर्तींचा. तो नाशिकात चांगला समजतो. काळाराम मंदिर पाहून कारागीर होते हे कळते, कारण मंदिरे माणसे बांधतात हे आपल्याला ठाऊक असते. ब्रह्मगिरीचे कडेही थरावर थर रचल्यासारखे दिसतात, पण ते लाव्ह्याचे थर आहेत. तिथे कोणी गवंडी नव्हता. नुसत्या ‘रचना’ या शब्दसाम्यावर भिस्त ठेवली तर, धर्मकीर्ती म्हणतात, मातीचे म्हणून वारूळही कुंभारानेच केले असे ठरेल.

नैयायिकांचे (न्यायदर्शनाच्या अनुयायांचे) उत्तर दुहेरी आहे. ब्रह्मगिरीला कर्ता नाही हे प्रतिपक्षाने गृहीत धरले आहे; वाद ज्याविषयी चालू आहे त्यातच व्यभिचार (नियमाला अपवाद) दाखवता येत नाही, नाहीतर डोंगरावरच्या धुरावरून अग्नीचे अनुमानही बुडेल. दुसरे, कर्ता म्हणजे हातपाय असलेला नव्हे. उपादानाचे (ज्यापासून वस्तू बनते त्या द्रव्याचे) साक्षात ज्ञान, करण्याची इच्छा आणि प्रयत्न हे तिन्ही ज्याच्या ठायी तो कर्ता. लाव्हा थंड होऊन खडक झाला, हे कारण या कर्त्याला हटवत नाही, जसा चाकामुळे कुंभार अनावश्यक होत नाही. हे उत्तर मजबूत आहे, पण आक्षेप पूर्ण संपवत नाही: देहधारी कर्त्यांच्या अनुभवावरून बांधलेली व्याप्ती (‘जिथे कार्य तिथे कर्ता’ हा नियम) देहरहित कर्त्याला कितपत लागू होते, हा प्रश्न उरतोच. रामानुजाचार्यांनी याच दिशेने अनुमान अपुरे ठरवून ईश्वर शास्त्रानेच (श्रुतिवचनांनीच) कळतो असे म्हटले.

कर्ता एकच आणि सर्वज्ञ का, ही पायरी वेगळी सिद्ध करावी लागते. घाईत ती गाळली जाते. असंख्य परमाणूंचे साक्षात ज्ञान नसेल तर त्यांची जुळणी करता येणार नाही, म्हणून सर्वज्ञता. आणि असा एक पुरेसा असताना अनेक मानणे गौरव (कारणाशिवाय जास्तीचे मानण्याचा दोष), म्हणून एकत्व.

दुःख आणि विषमतेचा आक्षेप आला की कर्माकडे बोट दाखवले जाते: ईश्वर फळ देतो ते कर्मसापेक्ष. ब्रह्मसूत्रांतही (२.१.३४) हेच उत्तर आहे. मात्र याचा आधार घेऊन दुसऱ्याचे दुःख त्याच्यावरच ढकलणे हा अनुमानाचा निष्कर्ष नव्हे. तसेच कर्ता सिद्ध झाला म्हणून अमुक रूढी त्याची आज्ञा ठरत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. त्या वेळी दार बंद ठेवणाऱ्यांना कार्यत्व-हेतूतून (‘ती कार्ये आहेत’ या हेतूतून) कसलाही आधार मिळत नव्हता; पृथ्वी आणि अंकुर यांचा कर्ता मानला, तर दाराबाहेर उभी असलेली माणसेही त्याचीच ठरतात.