पटकीचा उतारा : बनगावची छावणी आणि गावची विहीर

मोडशी हा शब्द आज आपण पोट बिघडण्यापुरता वापरतो. सोळाव्या शतकात गोव्यात तो पटकीचे, म्हणजे कॉलऱ्याचे, नाव होता. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला, त्यात काही तासांत माणूस नेणाऱ्या या रोगाची नोंद स्थानिक नावासकट आहे. पोर्तुगिजांच्या तोंडी त्याच नावाचे ‘मोर्देशी’ झाले आणि फ्रेंचांनी ते ऐकून ‘मोर द शियाँ’ केले, म्हणजे कुत्र्याचे मरण. १८१७ साली बंगालमधल्या जेसोर भागात मोठी साथ उठली आणि पुढच्याच वर्षी ती मुंबईपर्यंत पोचली. पटकीचा जागतिक प्रवास तिथून मोजतात.

त्या काळी गावाजवळ एकच उपाय होता, पटकीची देवी मानलेल्या मरीआईचा गाडा. तो आपल्या शिवेबाहेर काढायचा आणि पुढच्या गावाच्या हद्दीत सोडायचा. इंग्रज सरकारचा उपायही खरे तर फार वेगळा नव्हता. जत्रा-यात्रांची गर्दी हेच साथीचे मूळ मानून वारकऱ्यांवर निर्बंध आले; विसाव्या शतकात पंढरीला जाण्याआधी सुई टोचून घेण्याची सक्ती झाली. ही लस वाल्डेमार हाफकिनने १८९४ मध्ये कलकत्त्याच्या वस्त्यांत वापरून पाहिली होती. मुंबईच्या परळमधली हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. पण टोचून मिळणारे संरक्षण अर्धवट आणि काही महिन्यांपुरते असे. शेवटी १९७३ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने प्रवाशांकडून कॉलऱ्याच्या लसीचा दाखला मागण्याची अटच काढून टाकली.

रोग पाण्यातून येतो हे तोवर जुने झाले होते. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती जॉन स्नोने मृत्यूंचा नकाशा मांडला. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉखला स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू कलकत्त्यातल्या एका तलावात सापडला. त्याच तलावात लोक कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत. जंतू नेमके काय करतो, हे मात्र आणखी पाऊणशे वर्षांनी, १९५९ मध्ये, कलकत्त्याच्याच शंभुनाथ दे यांनी दाखवले. जंतू रक्तात शिरत नाही, आतडे कुरतडतही नाही. तो एक विष सोडतो, आणि त्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकत सुटतात. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होतात, कधी तासाला लिटरभर. डोळे खोल जातात, पोटावरच्या कातडीची चिमटी सोडली तरी तशीच उभी राहते, नाडी हाताला लागत नाही. माणूस मरतो तो पाणी संपल्याने.

पाणी गेले तर पाणी द्यावे, एवढे साधे गणित सुटायला इतका वेळ लागला, कारण नुसते पाणी किंवा नुसते मिठाचे पाणी पाजले तर आतडे ते घेत नाही, तेही जुलाबातूनच जाते. शिरेतून सलाइन देणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओनार्ड रॉजर्सने कलकत्त्यात रूढ केले आणि मृत्यू निम्म्याने घटले. पण त्याला निर्जंतुक बाटल्या, सुया आणि शीर सापडणारा हात लागतो. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी तोंडाने मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून १८६ रुग्ण बरे केल्याचे लिहिले. उलटी-जुलाबासाठी त्यांच्या उपचारात पानओव्याचा रसही होता. किती गेले आणि किती आत राहिले याची मोजमापे त्यात नव्हती, म्हणून परदेशी तज्ज्ञांनी लक्ष दिले नाही. नंतर कळले ते असे : आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीने आत घेणारे एक दार असते आणि पटकीच्या विषाने ते बंद होत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात असतील तर त्यांच्यामागून पाणीही आत येते. १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी जितके गेले तितके मोजून पाजून हे पक्के केले. तरीही वैद्यकाचे म्हणणे असे, की हे रुग्णालयात, जाणकारांच्या देखरेखीखालीच चालेल.

१९७१ च्या जून महिन्यात हे म्हणणे पश्चिम बंगालमधल्या बनगावला मोडले. पूर्व पाकिस्तानातून येणारे निर्वासित सीमेलगतच्या या गावात लोटत होते. इथल्या रुग्णालयात पटकीसाठी दोन खोल्या होत्या. खाटा भरल्यावर रुग्ण जमिनीवर, ओकारी आणि जुलाबाच्या चिखलात पडलेले. डॉ. दिलीप महालनबीस जॉन्स हॉपकिन्स या अमेरिकी विद्यापीठाच्या कलकत्त्यातल्या संशोधन केंद्रातून आले तेव्हा त्यांच्या पथकात शिरेतून सलाइन लावता येणारे दोनच जण होते. दोन दिवसांत त्यांना कळून चुकले, की सलाइन पुरणार नाही आणि लावायला हातही पुरणार नाहीत.

मग केंद्राच्या कलकत्त्यातल्या ग्रंथालयातच पाकिटे भरायचा कारखाना मांडला गेला. एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम साधे मीठ, २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा. तीनही जिन्नस बाजारात मिळणारे, खर्च लिटरला ११ पैसे. वजन करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचे, सूचनेची चिठ्ठी टाकायची आणि तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे. बनगावला ही पाकिटे पिंपात विरघळवली जात. पिंपाला तोटी होती. आई, भाऊ, शेजारी, जो सोबत असेल त्याने पेल्यात काढून रुग्णाला पाजायचे. लोकांचा विश्वास सलाइनवर होता, म्हणून याला नाव दिले तोंडाने घ्यायचे सलाइन. नाडीच लागत नाही अशांना आधी शिरेतून द्यायचे आणि शुद्धीवर येताच पेल्यावर आणायचे.

दोनेक महिन्यांत सुमारे ३,७०० रुग्णांवर असे उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण ३.६ टक्के राहिले. आधी हेच प्रमाण ३० टक्क्यांच्या घरात होते. या पाकिटात पोटॅशियम नव्हते, म्हणजे ते शास्त्रशुद्ध परिपूर्णही नव्हते. पण शुश्रूषेचे कौशल्य ज्यांच्याकडे नाही असे म्हटले जात होते, त्या निर्वासितांनीच ती केली. आमच्या मते त्या पाकिटाएवढाच महत्त्वाचा शोध ती तोटी होती.

पुढे सूत्र सुधारत गेले. पोटॅशियम आले, सोड्याच्या जागी सायट्रेट आले, कारण सोड्याची पाकिटे दमट हवेत पिवळी पडत. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. साखर आणि मीठ दोन्ही कमी केले, कारण द्रावण फार दाट झाले तर ते उलट आतड्यात पाणी खेचते. घरोघर होणारी चूक इथेच असते : लिटरचे अख्खे पाकीट ग्लासभर पाण्यात, किंवा पाकीट पुरवून पुरवून चिमूटचिमूट. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन्हींत चमचा चहाचा. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्यायचे.

बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात सव्वा कोटीच्या आसपास घरी बायकांना हे शिकवले. अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ. शिकवणाऱ्या बाईचा मोबदला ठरे तो किती घरे झाली यावर नव्हे, तर नंतर तपासणीत त्या घरच्या बाईला किती आठवते यावर. तरी सुरुवातीला गंमत अशी झाली, की कृती पाठ, पण जुलाब लागल्यावर वापर नाही. शोध घेतला तेव्हा कळले, की शिकवणाऱ्यांचाच या पाण्यावर पुरता विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कुणी विचारलेच नव्हते. मग कार्यकर्त्यांना प्रयोगशाळेत नेऊन गुण दाखवला, पुरुषांच्या सभा बाजारात आणि मशिदीत घेतल्या.

एवढे कळूनही १९९४ च्या जुलैत गोमा घडले. रवांडातून लाखो माणसे काही दिवसांत झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगोच्या, सीमेवरच्या गोमा शहराजवळ आली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, ना शौचाचा खड्डा खणता येईना, ना विहीर. प्यायला किवू सरोवर. पहिल्या महिन्यात जवळपास ५०,००० निर्वासित मेले, बहुतेक पटकी आणि हगवणीने. ढाक्याच्या तज्ज्ञांनी तिथल्या केंद्रांची पाहणी केली तेव्हा कारणे जुनीच निघाली : सलाइन फार हळू सोडलेले, काही ठिकाणी चुकीचे द्रव, पेल्याचा वापर अपुरा, आणि पटकी कधी न पाहिलेले कर्मचारी. अत्यवस्थ प्रौढाला वजनाच्या किलोमागे १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट, म्हणजे शिरेतून द्यायचे क्षारांचे पाणी, लागते. त्यातले ३० पहिल्या अर्ध्या तासात, उरलेले ७० पुढच्या अडीच तासांत. म्हणजे ५० किलोच्या माणसाला अर्ध्या तासात दीड लिटर. एवढ्या वेगाची सवय नसलेला माणूस थेंब मोजत बसतो, आणि तेवढ्यात रुग्ण जातो.

तोंडाने घ्यायची नवी लस उपयोगी आहे. तिची मोठी चाचणी २००६ मध्ये कोलकात्याच्या झोपडवस्त्यांत झाली आणि दोन मात्रांनी पाच वर्षांत सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. पण जगभरात साथी वाढून साठा इतका आटला, की ऑक्टोबर २०२२ पासून साथीत एकच मात्रा देण्यावर भागवावे लागले.

शेवटी गाडी विहिरीपाशीच येते. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाच्या हातात असते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे, दमट किंवा उन्हात राहिले तर तो उडून जातो आणि उरतो नुसता चुना. एरवी १,००० लिटरला २.५ ग्रॅम धरतात. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत ४ मीटर पाणी असेल तर ते २८,००० लिटरच्या आसपास भरते, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. साथीत किंवा गढूळ पाण्याला दुप्पट लागू शकते. पावडर थेट विहिरीत भिरकावायची नसते. बादलीत आधी लगदा करायचा, मग पाणी वाढवून पाच-दहा मिनिटे निवळू द्यायचे, वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढायची, गाळ टाकून द्यायचा. ती बादली दोराने पाण्याखाली नेऊन वर-खाली हिसडायची. तासभर कुणी पाणी भरायचे नाही. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरला का ते पाहणे : पिवळा रंग दहा सेकंदांत पाहायचा, कारण उशिरा येणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नसतो. लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले तर पुन्हा टाकायचे.

हे रोज करायचे म्हणजे माणूस चुकतोच. त्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने दुहेरी मडके काढले. एकात एक बसणारी दोन मडकी, दोघांना एक-एक सेंटिमीटरचे भोक, आतल्यात १ किलो टीसीएल आणि २ किलो जाड वाळू ओलसर करून. पाण्याखाली किमान मीटरभर सोडले की लहान घरगुती विहिरीला ते दोन-तीन आठवडे पुरते. सगळे गाव भरते त्या विहिरीला मात्र ते अपुरे पडते.

जुलै २०२२ मध्ये मेळघाटातल्या पाचडोंगरी आणि कोयलारी या गावांत पटकीने माणसे दगावली. विजेचे बिल थकल्याने पाणीपुरवठ्याची वीज तोडलेली होती आणि लोक उघड्या विहिरीचे पाणी पीत होते. नळ असलेल्या गावांतही पावसाळ्यात असेच काही होते. दिवसाआड पाणी सुटते, मधल्या वेळी पाइपात दाब नसतो, आणि फुटलेल्या जोडातून गटाराचे पाणी आत ओढले जाते. टाकीजवळ केलेली ओटी टेस्ट तेव्हा छान पिवळी येते. म्हणून साथीत नमुना घ्यायचा तो वस्तीच्या टोकाच्या शेवटच्या नळाचा, आणि तोही पाणी सुटल्या-सुटल्या.