बंदी, गूळ आणि ग्रॅम

कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा आला. नशाबंदीच्या विरोधात आज जे मुद्दे मांडले जातात, त्यातले बरेचसे या जिल्ह्यानं त्या कायद्याखाली आधीच पाहिले आहेत.

शाहूपुरीत १८९५ पासून गुळाची पेठ. गूळ पाघळला, काळा पडला की खायच्या बाजारात त्याला भाव मिळत नाही; हातभट्टीची दारू गाळणाऱ्याला मात्र तोच हवा असतो. पाण्यात गूळ, त्यात नवसागर, पिंप झाकून काही दिवस आंबवायचं. पोलिसांच्या पंचनाम्यात यालाच ‘कच्चं रसायन’ म्हणतात. भट्टी ओढ्याकाठी लागते, कारण रसायन उकळून निघालेली वाफ थंड करायला पाणी लागतं. धाड पडली की रसायन ओतून देतात. पिंप आणि गूळ दोन्ही स्वस्त, म्हणून भट्टी पुन्हा उभी राहते.

गूळ आंबवून विषारी दारू सहसा होत नाही. माणसं मरतात ती कडकपणासाठी कारखान्यातलं मिथेनॉल, म्हणजे विषारी अल्कोहोल, मिसळल्यामुळे. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि आधी डोळे जातात. २०१५ मध्ये मुंबईतल्या मालवणीत शंभरावर बळी गेले ते असेच. परवान्याच्या बाटलीवर बॅच नंबर असतो, चूक शोधता येते. फुग्यात किंवा पिशवीत मिळणाऱ्या मालावर काय असणार?

गावातलं दारू दुकान बंद करण्यासाठीच्या ‘आडवी बाटली’ मतदानातही हीच फट आहे. निम्म्याहून जास्त बायकांनी बंदीला मत दिलं की परवान्याचं दुकान बंद होतं; भट्टी मात्र मतपत्रिकेवर नसतेच. बायकांचा राग खोटा नाही, हत्यार अपुरं आहे.

गांजाची गोष्ट याहून जुनी. १८९३-९४ च्या सरकारी आयोगानं १,१९३ साक्षी घेतल्या आणि सांगितलं की बेताच्या सेवनानं फारसं नुकसान होत नाही, संपूर्ण बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. पुढं १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं गांजा बंद करायला २५ वर्षांची मुदत दिली आणि १४ नोव्हेंबर १९८५ रोजी एनडीपीएस हा अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा लागू झाला. त्यातल्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे. शेंड्याशिवायची पानं आणि बी वगळलेलं. भांग केंद्राच्या कायद्यातून सुटली ती अशी.

२००१ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा वजनावर ठरते. गांजा १ किलोपर्यंत ‘अल्प’, २० किलोच्या वर ‘व्यापारी’; हेरॉईनला हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं, जामीनही जवळपास अशक्य.

खरी गोम तराजूत आहे. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शुद्ध अंशच मोजा म्हटलं, २०२० मध्ये ते फिरवून भेसळीसकट सगळं वजन धरलं. म्हणजे ३०० ग्रॅम पावडरीत ५ टक्के हेरॉईन असेल तर खरा माल १५ ग्रॅम, पण शिक्षा व्यापाऱ्याची. उलट २०० ग्रॅम जवळपास शुद्ध माल बाळगणारा खालच्या कप्प्यात बसतो. लपवायलाही तोच सोपा. बंदीत माल कडक आणि हलका का होतो, याचं उत्तर इथंच आहे: गांजाचं पोतं एसटीत वास मारतं, पुडी मारत नाही.