फुप्फुसाचं माप वजनकाट्यावर कळत नाही

'व्हेंटिलेटरवर ठेवलंय म्हणजे आता काही खरं नाही,' हे आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर हमखास ऐकू येतं. जोडीला 'मेलेल्या माणसालाही व्हेंटिलेटर लावून बिल वाढवतात' हे व्हॉट्सअ‍ॅपी ज्ञान असतंच. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, बस. थांबलेलं हृदय त्याने सुरू होत नाही.

पेशंट वाचणार का, हे मूळ आजार, वय, आधीची दुखणी, किडनी साथ देते की नाही, अशा बऱ्याच गोष्टींवर ठरतं. त्यातल्या बहुतेक कुणाच्या हातात नसतात. एक मात्र पूर्णपणे डॉक्टरांच्या हातात असते: एका श्वासात हवा किती ढकलायची.

न्यूमोनिया किंवा सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे शरीरभर उसळलेली जीवघेणी प्रतिक्रिया) चिघळला की वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत, पाणी पाझरतं. याला एआरडीएस (अक्यूट रेस्पिरेटरी डिस्ट्रेस सिंड्रोम) म्हणतात. पेशंट उताणा असतो, त्यामुळे जड झालेल्या फुप्फुसाचा भार पाठीकडच्या भागावर पडतो आणि तिथले वायुकोश मिटतात. हवा खेळते ती उरलेल्या थोड्याशा भागात. इटलीच्या लुचानो गाटिनोनी यांनी सीटी स्कॅनवरून हे दाखवलं आणि त्याला 'बेबी लंग' म्हटलं: मोठ्या माणसाच्या छातीत पाच-सहा वर्षांच्या मुलाएवढं फुप्फुस! त्यात नेहमीचा मोठा श्वास कोंबला की चांगले वायुकोश प्रमाणाबाहेर ताणले जातात, पेशी फाटतात, दाह पेटवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि दूरची किडनीही गोत्यात येते.

अमेरिकेत 861 पेशंटवर याची चाचणी झाली, निष्कर्ष 2000 साली आले. एका गटाला वजनाच्या दर किलोमागे 12 मिलीचा श्वास, दुसऱ्याला 6 मिलीचा. मोठ्या श्वासाच्या गटात 39.8 टक्के दगावले, लहान श्वासाच्या गटात 31 टक्के. गंमत पुढेच आहे. पहिल्या काही दिवसांत रक्तातल्या ऑक्सिजनचं गणित मोठ्या श्वासाच्या गटातच चांगलं दिसत होतं! मॉनिटरवरचे आकडे गोजिरे आणि माणसं जास्त गेली. 'आज ऑक्सिजन किती?' एवढ्याच प्रश्नावर जीव टांगणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात घ्यावं.

आता हे 'दर किलो' म्हणजे काट्यावरचे किलो नव्हेत. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही, ते उंचीप्रमाणे असतं. म्हणून वजन उंचीवरून काढतात. बाईंसाठी सूत्र असं: 45.5 + 0.91 × (सेंटिमीटरमधली उंची − 152.4). 150 सेंटिमीटर उंचीच्या, 75 किलोच्या बाईंचं हिशेबातलं वजन येतं जेमतेम 43 किलो, आणि किलोमागे 6 मिली धरून श्वास साधारण 260 मिलीचा. काट्यावरचं वजन धरलं तर तो 450 होतो, म्हणजे किलोमागे दहाच्या वर. उंची नजरेने अंदाजली की बुटक्या पेशंटना, त्यातही बायकांना, मोठे श्वास दिले जातात, हे बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. पलंगावर आडव्या पेशंटची उंची टेपने घेता येते. नर्सने घरच्यांना विचारली, तर 'असेल पाच-सव्वापाच फूट' असं मोघम न सांगता घरातल्या त्याच उंचीच्या कुणाला तरी मोजून आकडा द्यावा.